साळ्याच्या कंपनीत फक्त सह्या करतो, अडकेन का?

प्रश्न : मी नागपुरात महाल भागात राहतो, रिटायर झालो आहे. साळ्याने इतवारीत प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली न मला डायरेक्टर केलं. काम काय, तर महिन्यातून दोनदा जाऊन 'गुंतवणूक सुरक्षा प्रमाणपत्र' असं छापलेल्या कागदांवर सह्या करायच्या. पाच वर्षांत दीडपट, असं त्यावर लिहून असते. आता लोक पैसे मागायला माझ्याच घरी येऊन राहिले. साळा म्हणतो, तुम्ही तर फक्त सही केली जी भाऊजी, पैसे कंपनीने घेतले. खरंच माझ्यावर काही येत नाही का?

उत्तर : येते काका. आधी त्या कागदाचं नाव सोडा, तिथे सुरक्षा लिहा नाहीतर लक्ष्मीप्रसाद, कायदा पाहतो की पैसे घेतले न अमुक मुदतीने परत द्यायचे कबूल केले, म्हणजे ती ठेव. शेअर सर्टिफिकेट वेगळं, त्यावर दोन डायरेक्टर किंवा एक डायरेक्टर आणि कंपनी सेक्रेटरी सही करतात आणि त्यात दीडपटीचं वचन नसते. प्रायव्हेट लिमिटेडला बाहेरच्या पब्लिककडून ठेवी घेताच येत नाहीत, तिथेच गाडी फसली.

राज्याचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. फसवून पैसे बुडवले तर ६ वर्षांपर्यंत कैद, आणि त्यात डायरेक्टर, मॅनेजर, कारभार पाहणारे सगळेच येतात. केंद्राचा २०१९ चा कायदा अजून कडक, परवानगीशिवाय ठेवी घेतल्या तरी २ ते ७ वर्षं न वर ३ ते १० लाख दंड.

आता तुमच्या बाजूचं. नुसती सही म्हणजे गुन्हा नाही, कोर्ट पाहते कारभार कोणाच्या हातात होता, आणि मला ठाऊक नव्हतं किंवा मी पुरेशी काळजी घेतली होती हे दाखवता आलं तर सुटकेची वाट आहे, पण ते सिद्ध तुम्हालाच करावं लागते. दर महिन्याला न वाचता सह्या केल्या याला काळजी कोण म्हणेल हो?

कागदावर 'मी हमी देतो' असं वैयक्तिक लिहून असेल तर ते वेगळंच लफडं, १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, म्हणजे ठेवीदार कंपनीला सोडून थेट तुमच्यावर दावा लावू शकतो. त्या प्रमाणपत्राचा एक तरी न भरलेला नमुना आणून नीट वाचा.

राजीनामा द्याच, पण मागच्या सह्या त्याने पुसल्या जात नाहीत, तुमच्या काळात जे झालं त्याची जबाबदारी राहतेच. राजीनामा कंपनी रजिस्ट्रारला कळवायचा डीआयआर-१२ हा फॉर्म कंपनीने नाही भरला, तर तुम्ही स्वतः डायरेक्टरचा डीआयआर-११ फॉर्म भरू शकता. सही केलेल्या सगळ्या प्रमाणपत्रांची यादी न झेरॉक्स आजच काढून ठेवा, साळ्याला सांगून नाही, आणि ती घेऊन फौजदारी वकिलाकडे जा. आर्थिक गुन्हे शाखेची नोटीस यायच्या आधी.