जेलन रेगर नवखा असताना अमेरिकन फुटबॉलमधल्या फिलाडेल्फिया ईगल्स संघाचे चाहते त्याच्यावर इतके का चिडले होते?

खरा राग रेगरवर नव्हताच, निवडीवर होता. २०२०च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगचे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, ईगल्सने २१व्या क्रमांकावर रेगरला रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) म्हणून घेतलं आणि लगेच पुढच्या, २२व्या क्रमांकावर मिनेसोटा व्हायकिंग्सनी जस्टिन जेफरसन या रिसीव्हरलाच उचललं. पहिल्याच मोसमात जेफरसनने ८८ झेल घेऊन १४०० यार्ड काढले. रेगरचे ३१ झेल, ३९६ यार्ड. आता हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की कोणाचंही डोकं फिरेल! त्यात आदल्याच वर्षी जे. जे. अर्सेगा-व्हाइटसाइडला ५७व्या क्रमांकावर घेऊन डीके मेटकाफला सोडलं होतं. तो सिअ‍ॅटलला ६४वा मिळाला. म्हणजे जखम ओलीच होती.

रेगरची बाजूही आहे म्हणा. अंगठ्याच्या दुखापतीने त्याचे पाच सामने गेले, चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झचा सूर हरवलेला, आणि संघ ४-११-१ (४ विजय, ११ पराभव, १ बरोबरी). अशा वर्षात नवखा रिसीव्हर काय दिवे लावणार? पण फिलाडेल्फियात असलं कोणी ऐकून घेत नाही.

गंमत पुढे आहे. २०२२ मध्ये ईगल्सने रेगरला देऊन टाकलं, तेही व्हायकिंग्सनाच.