‘एंजल’ परत बघायला घेतली आहे. चौथा सीझन गाळला तर चालेल का? पाच सीझनची क्रमवारी तुम्ही कशी लावाल?

नाही, चालणार नाही.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की ‘बफी’, म्हणजे ज्या मालिकेतून ‘एंजल’ निघाली ती, पाठ आहे, ‘एंजल’ कॉलेजात असताना एकदाच पाहिली होती, आणि चौथा सीझन रटाळ आहे असं सगळेच म्हणतात. त्यापुढे एक वाक्य आहे : ‘तसंही वेस्लीने गद्दारी केल्यावर त्याच्यात मला रस उरला नव्हता.’ वेस्ली म्हणजे आत्मा असलेल्या व्हॅम्पायर एंजलचा साथीदार, जो तिसऱ्या सीझनमध्ये एंजलचं बाळ, कॉनर, उचलून नेतो. मी उत्तर लिहितेय ते या वाक्यासाठी.

क्रमवारी आधी देऊन टाकते. तिसरा, दुसरा, पाचवा, चौथा, पहिला. दुसरा इतका वर का, तर डार्लामुळे, एंजलला व्हॅम्पायर बनवणाऱ्या बाईमुळे. ‘रीयुनियन’मध्ये वुल्फ्रॅम अँड हार्ट या दुष्ट लॉ फर्मचे वकील तळघरात डार्ला आणि ड्रुसिला या दोन व्हॅम्पायरच्या तावडीत सापडलेले असतात, एंजल येतो, वकील म्हणतात आता वाचलो, आणि हा दार बाहेरून लावून निघून जातो. नायकाला इतकं खाली उतरवायची हिंमत ‘बफी’नेसुद्धा आत्मा असलेल्या एंजलच्या बाबतीत दाखवली नव्हती. त्याच सीझनमधला 1952 सालच्या हायपेरियन हॉटेलचा भाग सुटा म्हणून पाहिला तरी उत्तम आहे. शेवटचे पायलिया या दुसऱ्या जगाचे चार भाग मात्र मला लांबवलेले वाटतात. पुढे एंजलच्या टोळीत येणारी फ्रेड सापडते म्हणून बघायचे. पाचव्याला बरेच जण पहिला नंबर देतात, ते का ते मला कळतं. ‘बफी’तला स्पाइक आहे, एंजलची कापडी बाहुली होते तो भाग आहे, फ्रेडचं जाणं आहे. पण पाचव्याचा निम्मा जोर तिसऱ्या-चौथ्यातून उसना आलेला आहे. तेच सांगायचंय.

आता गद्दारी.

माझा मोठा भाऊ नाशिकच्या कोर्टात वकिली करतो. एका पावसाळ्यात द्वारकेच्या गर्दीत त्याची गाडी घसरली, पायाला प्लास्टर आलं. त्याचं घर गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून दादा आणि वहिनी आमच्याकडे इंदिरानगरला राहायला आले. दादाला घरात बसून राहायची सवय नाही. दोन दिवसांत त्याने सगळ्यांना सळो की पळो केलं. तेव्हा मी ‘एंजल’ लावली. कॉलेजात असताना आम्ही दोघांनी मित्राच्या हार्ड डिस्कवरून ती पाहिली होती, तेव्हा अर्ध्या गोष्टी डोक्यावरून गेल्या होत्या. या वेळी एकशे दहाच्या एकशे दहा भाग पाहिले, जेवणं टीव्हीसमोर झाली, वहिनी फक्त लॉर्नसाठी, त्या गाणाऱ्या हिरव्या राक्षसासाठी बसायची, आणि कालनिर्णयच्या फाडलेल्या पानामागे दादाने दोन रकाने आखले, एक त्याच्या क्रमवारीचा, एक माझ्या. त्याचा पाचवा पहिला. वकिलांचं ऑफिस आहे ना! कंत्राटं, कलमं, पळवाटा बघून तो खुलायचा.

तिसऱ्यातला ‘स्लीप टाइट’ पाहिला त्या दिवशी गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं होतं, शेजारची मुलं दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघायला गोदाघाटावर चालली होती, मला हाका मारत होती. मी गेले नाही. कारण भाग संपल्या संपल्या दादाने निकाल दिला, “एका कागदावर विश्वास ठेवून दुसऱ्याचं पोर उचललं. कागद खोटा निघाला. संपली केस.”

तुमचंही हेच म्हणणं आहे, म्हणून त्याला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. वेस्ली एका कागदावर गेला नव्हता. ‘बाप मुलाला मारेल’ हे भाकीत त्याला सापडलं तेव्हा त्याने आधी स्वतःच ते खोडून काढायचा प्रयत्न केला. मग तो लोआ नावाच्या आत्म्याला विचारायला गेला. लोआने तीन खुणा सांगितल्या : भूकंप, आग, रक्त. ‘लॉयल्टी’च्या शेवटी त्या तिन्ही खुणा त्याच्या डोळ्यांसमोर, बाळाच्या खोलीत घडतात. त्यात एंजल दिवसेंदिवस हिंस्र होत चाललेला, कारण वुल्फ्रॅम अँड हार्टने त्याच्या रोजच्या रक्तात कॉनरचंच रक्त मिसळायला सुरुवात केलेली. हे आपल्याला नंतर कळतं, वेस्लीला तर तेव्हा कळायची सोयच नव्हती. त्याला दिसत होता तो फक्त बाळाजवळ गेला की बदलणारा बाप. आणि भाकीत बदललं होतं साह्जानने, जो काळाच्या पलीकडून होल्ट्झला, एंजलच्या जुन्या शत्रूला, घेऊन आला. इतक्या ताकदीच्या राक्षसाने मुद्दाम रचलेला बनाव एका माणसाने ओळखला नाही, तर त्याला तुम्ही गद्दार म्हणणार?

दादा म्हणाला, “अगं, पुराव्याचं सोड. ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू ऐकलीच नाही ना. नैसर्गिक न्याय म्हणून काही आहे की नाही? एंजलला जाऊन सांगायचं, असं असं भाकीत आहे. आणि शत्रूला, त्या होल्ट्झला, चोरून भेटला तो वेगळाच.”

होल्ट्झला भेटला हे मला मान्य आहे. ते चुकलंच. पण सांगायचं कोणाला? ज्याच्या हातून बाळ मरणार अशी भीती आहे, त्यालाच? आणि त्याने ‘असं काही होणार नाही’ म्हटल्यावर काय करायचं? एंजलने तेच म्हटलं असतं. सगळे बाप तेच म्हणतात.

इथे घरातलं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचे वडील, अण्णा, शेवटची काही वर्षं माझ्याकडे होते. रोज सकाळी स्कूटर काढून रविवार कारंजाला चांदीच्या गणपतीला जायचे, येताना भाजी आणायचे. मग त्यांना विसर पडायला लागला. आधी भाजी विसरायची, मग रस्ता. एकदा दुपारपर्यंत आले नाहीत, आडगाव नाक्याजवळ स्कूटर उभी करून एका टपरीवर बसलेले सापडले, घर कोणत्या बाजूला ते त्यांना सांगता येत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, गाडी बंद करा. मी अण्णांना विचारलं नाही, दादालाही नाही. गिऱ्हाईक बघितलं आणि अण्णा झोपलेले असताना स्कूटर देऊन टाकली. त्यांना सांगितलं गॅरेजला दिलीय. त्यानंतर ते रोज विचारायचे, “गॅरेजवाल्याचा फोन आला का गं?” आणि मी रोज म्हणायचे, “पार्ट यायचाय, अण्णा.”

दादाला कळलं तेव्हा तो जे बोलला ते इथे लिहीत नाही. मुद्दा एकच होता : विचारायचं तरी. पण दादाला विचारलं असतं तर तो अण्णांशी बोलला असता, अण्णा त्याच्याशी गोड बोलले असते, “फक्त गणपतीपर्यंत जातो रे” म्हणाले असते, आणि दादा विरघळला असता. त्याला मी लहानपणापासून ओळखते. स्कूटर राहिली असती. आणि रविवार कारंजाच्या रहदारीत एक दिवस काय झालं असतं, ते मला बोलायचंही नाही. मी तेव्हा केलं ते बरोबर केलं. आजही तेच करेन. घरात रोज जे बघतो त्याला निर्णय घ्यावा लागतो, लांब राहणाऱ्याला तत्त्वं सांगायला वेळ असतो.

तर ‘स्लीप टाइट’वरून आम्ही त्या रात्री भांडलो ते वेस्लीवरून होतं की स्कूटरवरून, हे वहिनीने विचारायच्या आधीच आम्हा दोघांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी ‘फर्गिव्हिंग’ लावला. वेस्लीचा गळा होल्ट्झची साथीदार जस्टिन हिने चिरलाय, तो हॉस्पिटलच्या खाटेवर आहे, बोलता येत नाही. एंजल येतो, शांतपणे बोलतो, आपण एंजलस, म्हणजे आत्मा नसलेला दुष्ट एंजल, नाही हे मुद्दाम सांगतो, आणि मग उशी त्याच्या तोंडावर दाबतो. दादा गप्प होता. मी विचारलं, “आता बाजू ऐकून घेतली का तुझ्या एंजलने? समोरच्याला तर बोलताही येत नाही. कुठे गेला नैसर्गिक न्याय?” त्याने रिमोट उचलून पुढचा भाग लावला.

म्हणून माझा तिसरा सीझन पहिला. साह्जान आणि ते वकील सोडले तर त्यात कोणीही वाईट हेतूने काही करत नाही. होल्ट्झसुद्धा नाही, त्याचं कुटुंब एंजलस आणि डार्लाने मारलेलं आहे. डार्लासारखी डार्ला ‘लुलबाय’मध्ये पोटातलं बाळ, कॉनर, जन्मावं म्हणून स्वतःला संपवते. राक्षस, भाकितं सगळं आहे, पण मोडतं ते घर. आणि ते प्रत्येक जण दुसऱ्याचं भलं करायला जातो म्हणून मोडतं.

आता चौथा. तुम्ही तो गाळलात तर वेस्लीवरचा खटला अर्धाच ऐकलेला असेल. तिसऱ्याच्या शेवटी, दुसऱ्या जगात वाढून तरुण होऊन परतलेला कॉनर बापाला पेटीत घालून समुद्राच्या तळाशी सोडतो. चौथ्याचा पहिला भाग ‘डीप डाउन’. एंजलला शोधून काढतो कोण? टोळीतले गन आणि फ्रेड नाही. ज्याला सगळ्यांनी टाकलं, ज्याच्या तोंडावर उशी दाबली गेली, तो वेस्ली. होडी घेऊन समुद्र धुंडाळतो, बाहेर काढतो, आणि भुकेल्या एंजलला स्वतःचा हात कापून रक्त पाजतो. याला गद्दार म्हणायचं असेल तर म्हणा.

मधला बराच भाग खरोखर जड जातो हे मी नाकारत नाही. पण बीस्ट हा राक्षस आल्यावरचा आगीचा पाऊस, सूर्य झाकला जाणं, ‘बफी’तल्या फेथचं तुरुंगातून परत येणं, ‘ऑर्फियस’मध्ये ‘बफी’तल्याच विलोचं येणं, हे सगळं त्यातच आहे. आणि शेवटचा भाग ‘होम’, ज्यासाठी मी सगळा सीझन माफ करते. कॉनर सगळ्यांना आणि स्वतःला उडवून द्यायला निघालेला असतो. एंजल त्याच्यावर सुरी उगारतो. पुढच्या दृश्यात कॉनर एका साध्यासुध्या घरात, नव्या आईवडिलांबरोबर जेवायला बसलाय, जुनं काहीच त्याला आठवत नाही. भाकीत खोटं होतं म्हणता? बापाने मुलाला संपवलंच की, जगवण्यासाठी. आणि वुल्फ्रॅम अँड हार्टशी हा सौदा करताना एंजलने कोणाला विचारलं? कोणालाच नाही. वेस्ली, गन, फ्रेड, लॉर्न, सगळ्यांच्या डोक्यातून कॉनर पुसून टाकला. वेस्लीच्या गळ्यावर वण आहे, तो का आहे ते खरं कारण त्याच्याकडे ठेवलं नाही.

म्हणजे वेस्लीने जे केलं तेच. मुलाच्या भल्यासाठी, कोणालाही न सांगता. फरक इतकाच की वेस्लीने एक बाळ उचललं, एंजलने चार मित्रांची आठवण उचलली. मग पाचव्यात ‘ओरिजिन’ येतो, पुसलेल्या आठवणी जिच्यात कोंडल्यात ती काच वेस्ली फोडतो, सगळं परत येतं, आणि त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते चौथा न बघणाऱ्याला कळणारच नाही. तुमच्यासाठी ती एक फुटलेली काच असेल.

हे मी दादाला म्हटलं. तो म्हणाला, “एंजल बाप आहे. बापाला अधिकार असतो.” मी म्हटलं, “मग मीही मुलगी होते.” त्याने कालनिर्णयच्या पानावर त्याच्या रकान्यातला चौथा पाचव्या नंबरावरून तिसऱ्यावर आणला. बाकी काही बोलला नाही, पण मला ते पुरलं. अण्णा गेल्यापासून अडून राहिलेलं काहीतरी त्या दिवशी आमच्यात सुटलं.

तुमच्याही घरात असं कोणी असेल, न विचारता निर्णय घेणारं, तर त्याच्याशी भांडण्याआधी तिसरा आणि चौथा सलग बघा. मध्ये खंड पाडू नका.

आता राहिलेलं. चौथ्यात एंजलच्या टोळीतल्या कॉर्डेलियाचं जे केलं, विशेषतः कॉनरबरोबरचं, त्याचं समर्थन मी करणार नाही. ती भूमिका करणारी चरिष्मा कार्पेंटर तेव्हा खरंच गरोदर होती, कथा त्याभोवती वळवली गेली, आणि त्या काळात मालिकेचा कर्ता जॉस व्हेडनने आपल्याला कसं वागवलं हे तिने 2021 मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे. ते माहीत असताना ते भाग बघणं मला कठीण जातं. तुम्हालाही जाईल. तिचा खरा निरोप पाचव्यात आहे, ‘यू आर वेलकम’, मालिकेचा शंभरावा भाग. तो नीट झालाय.

क्रमाचं म्हणाल तर पहिले दोन सीझन ‘बफी’च्या चौथ्या-पाचव्याबरोबर आळीपाळीने लावा. दुसऱ्यातला ‘डार्ला’ आणि ‘बफी’चा ‘फूल फॉर लव्ह’ हे एकाच रात्री लागोपाठ दाखवले गेले होते, 14 नोव्हेंबर 2000 ला, आणि 1900 सालचा चीनमधला तोच प्रसंग दोन्हींत दोन बाजूंनी दिसतो. ‘बफी’ 2001 मध्ये दुसऱ्या वाहिनीवर गेली, मग ये-जा जवळपास थांबली, त्यामुळे तिसऱ्यापासून फार हिशेब ठेवायला नको.

आणि वेळच नसेल, काहीतरी गाळायचंच असेल, तर पहिल्यातलं गाळा. तो शेवटी आहे तो उगाच नाही. दर भागाला नवी केस, नवा राक्षस, आणि एंजलचा पहिला साथीदार डॉइल नवव्या भागातच जातो. मात्र ‘आय विल रिमेंबर यू’, डॉइलचा तो शेवटचा भाग, आणि फेथचे ‘फाइव्ह बाय फाइव्ह’ व ‘सँक्च्युअरी’ ठेवा. फेथने वेस्लीचा जो छळ केला तो ‘फाइव्ह बाय फाइव्ह’मध्ये आहे, आणि चौथ्यात तिला सोडवून आणायला तोच जातो.