मोठ्या सेवाभावी संस्थेला देणगी देण्याआधी तिचा कारभार नीट आहे की नाही, हे बाहेरच्या माणसाला कसं कळेल?

तुम्ही विचारलंय की संस्था मोठी आहे, नाव आहे, अहवाल गुळगुळीत कागदावर छापलेला येतो. मग आणखी काय बघायचं? मी एका मोठ्या ट्रस्टच्या हिशेब विभागात अकरा वर्षं काढली आहेत, त्या अनुभवावरून सांगतो. विश्वस्त प्रश्न विचारतात का, एवढंच बघायचं. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आमच्याकडे बैठक सकाळी साडेअकराला असायची आणि तिचं इतिवृत्त आदल्या संध्याकाळीच लिहून तयार असायचं. चहा यायचा, वही फिरायची, जिथे सही करायची तिथे पेन्सिलने फुली मारलेली असायची. एकदा नव्याने आलेल्या एका विश्वस्तबाईंनी ताळेबंदातल्या ‘इतर देणी’वर बोट ठेवून विचारलं, ‘ही कोणाची?’ संस्थापक म्हणाले, ‘ताई, आपल्यात विश्वास नाही का?’ आणि खोली गप्प झाली. मीही गप्प बसलो. पुढे कळलं की ती रक्कम बांधकामाच्या ठेकेदाराची होती आणि तो ठेकेदार घरातलाच होता. ते संस्थापक चोर नव्हते, चाळीस वर्षं त्यांनी खस्ता खाल्ल्या होत्या. पण त्यांना ‘का?’ विचारणारं कोणी उरलं नव्हतं, आणि त्यात नुकसान झालं ते वसतिगृहातल्या मुलांचं.

आता बाहेरून काय तपासता येतं ते सांगतो. संस्था महाराष्ट्रातली असेल तर ती 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते. तिथून परिशिष्ट 1 चा उतारा काढा, म्हणजे संस्थेच्या सरकारी नोंदीची नक्कल; तीत विश्वस्तांची नावं असतात. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. उताऱ्यावर वारलेल्या माणसांची नावं तशीच असतील तर संस्थेला विचारा, अर्ज दिला होता का? (अर्ज कार्यालयात वर्षानुवर्षं पडून राहतात, तो दोष संस्थेचा नाही. पण अर्ज दिलाच नसेल तर मंडळ कागदावरच आहे असं समजा.) नावं वाचताना आडनावंही बघा. नवरा, बायको, मुलगा, भाचा एवढंच मंडळ असेल तर प्रश्न कोण विचारणार?

लेखापरीक्षण अहवाल मागा. आकड्यांपेक्षा लेखापरीक्षकाचे शेरे आधी वाचा. जमीन विकली असेल तर त्याच 1950 च्या कायद्याच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घेतली होती का, हे आवर्जून विचारा. मोठ्या संस्थांमध्ये खरा पैसा जमिनीतच असतो. धर्मादाय रुग्णालय असेल तर 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथे प्रत्यक्ष जाऊन समाजसेवा विभागात विचारलंत तर पाच मिनिटांत अंदाज येतो.

एका गोष्टीवर मात्र माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. ‘आमचा प्रशासकीय खर्च फक्त 4 टक्के’ असं कोणी सांगितलं की मला हायसं वाटत नाही, काळजी वाटते. कायद्याचा कलही हा खर्च कमी ठेवण्याकडेच आहे: परदेशी देणग्यांतून होणाऱ्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीने 50 वरून 20 टक्क्यांवर आली. पण चांगला हिशेबनीस, अंतर्गत लेखापरीक्षण, तक्रार ऐकणारा माणूस यांना पैसे लागतातच. ते वाचवले की पुढे त्याच्या कितीतरी पट जातात.

देणगी रोखीने देऊ नका. 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरातली सवलतही (1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 80जी) मिळत नाही. नुसत्या पावतीवर न थांबता देणगीचं प्रमाणपत्र (1961 च्या कायद्याखालचा नमुना 10बीई) मागा. ते संस्थेने आयकर खात्याला तुमची देणगी कळवल्यावरच निघतं.

आणि देण्याआधी विश्वस्त मंडळाच्या नावाने एक साधं पत्र पाठवा: गेल्या वर्षी किती बैठका झाल्या, कोण किती बैठकांना हजर होतं, आणि कुठल्या ठरावाला कोणाचा विरोध नोंदवला गेला का? आमच्या त्या ताईंनी पुढच्या बैठकीत आपला विरोध इतिवृत्तात लिहून घेतला, तेव्हा कुठे बाकीचे विश्वस्त ताळेबंद घरी नेऊन वाचायला लागले.