वाचकांचे प्रश्न: 'फोर्ट स्टिकीन' आणि मुंबईची गोदी

14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' बोटीचा स्फोट झाला. आग दुपारी दोनलाच कळली होती, बंबही आले होते. मग दोन तास पाणी मारूनही ती का विझली नाही? (एक वाचक, ठाणे)

पाण्यानंच ती आग वर चढवली. हे समजायला माल कसा रचला होता ते पाहावं लागतं. दोन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे बोटीच्या पोटातल्या मालाच्या कप्प्यात, तळाला कराचीत चढवलेल्या रुईच्या गाठी होत्या आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर, म्हणजे ट्वीन डेकवर, दारूगोळा. बोटीवर एकूण 1,395 टन स्फोटकं होती, त्यातली 238 टन सर्वांत नाजूक अशा 'ए' वर्गातली. शिवाय लाकूड, भंगार लोखंड, वंगणतेलाची पिंपं. एकाच बोटीत रुई, तेल आणि दारूगोळा! शांततेच्या काळात कुठल्याही बंदरानं असा माल धक्क्याला लागू दिला नसता. युद्धात ते नियम सैल झाले होते.

आता रुईचा गुण बघा. ती भडकत नाही, धुमसते. पट्ट्यांनी आवळलेल्या गाठीत पाणी वरच्या थरातच मुरतं, आतला निखारा मात्र गाठीत अडकलेल्या हवेवर जगतो. गाठ फोडून पिंजल्याशिवाय ती विझली असं म्हणताच येत नाही. पण धूर इतका दाट होता की कुणाला खाली उतरून मूळ जागा शोधता आली नाही. म्हणून वरून पाणी ओतत राहिले: 900 टनांच्या वर, म्हणजे साधारण 9 लाख लिटर. दाबाची गाठसुद्धा पाण्यापेक्षा हलकी असते, सुरुवातीला ती तरंगतेच. पाणी चढत गेलं तशा जळत्या गाठी वर आल्या आणि दारूगोळ्याच्या मजल्याला खालून भिडल्या. बाहेरून बघणाऱ्यांना बोटीच्या पत्र्यावरचा रंग फुगून फुटताना दिसत होता.

बंबवाल्यांची खरी कोंडी वेगळीच होती. नुसत्या रुईची आग असती तर होल्डची झाकणं लावून, आत वाफ सोडून तिची हवा तोडता आली असती. दारूगोळ्याच्या बोटीला आग लागली तर ती ओढून लांब न्यायची, नाहीतर बुडवायची. पण गोदीत तळाखाली पाणी जेमतेम. बुडवली असती तरी वरचे मजले कोरडेच राहिले असते. दोन्ही माल एकत्र आल्यावर कुठलाच उपाय पुरा पडेना आणि ठाम निर्णय कुणी घेतला नाही. 3.50 ला सगळ्यांना बोट सोडून जाण्याचा हुकूम झाला, 4.06 ला पहिला स्फोट. साधारण अर्ध्या तासानं चार नंबरचा होल्ड उडाला आणि जळता माल थेट वस्तीवर पडला. कॅप्टन नेस्मिथ गेले. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे आणि 14 एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

हा जपानचा घातपात होता, असं घरी ऐकत आलो. खरं काय? (एक वाचक, दादर)

चौकशीत घातपात निघाला नाही. कुणीतरी टाकलेल्या विडी-सिगारेटची ठिणगी रुईवर पडली असावी, असाच निष्कर्ष निघाला. अफवेला खतपाणी मिळालं ते सेन्सॉरमुळे: जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं दुसऱ्याच दिवशी सविस्तर बातमी दिली आणि आपल्या वर्तमानपत्रांना मात्र मे महिन्यापर्यंत ती छापता आली नाही.

बोट कुठली, किती जुनी? आणि तिच्यावरच्या सोन्याचं काय? (एक वाचक, सातारा)

जेमतेम दोन वर्षांची. 1942 मध्ये कॅनडात प्रिन्स रुपर्टला बांधलेली, 7,142 टनांची. युद्धात बुडणाऱ्या बोटींची जागा भरायला एकाच साच्यातून काढलेल्या 'फोर्ट' मालिकेतली ही एक. 24 फेब्रुवारी 1944 ला इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाली आणि कराचीमार्गे 12 एप्रिलला मुंबईत आली. सोनं होतं 31 पेट्यांत, पेटीत चार विटा, एकूण 124. वीट साधारण पावणेतेरा किलोची. गाळ काढताना पुढं कित्येक वर्षं विटा सापडत राहिल्या. सोन्याबद्दल सगळेच विचारतात. शेजारची 'जलपद्म' ही सुमारे चार हजार टनांची बोट उचलली जाऊन तिचा मागचा भाग धक्क्यावरच्या शेडच्या छपरावर टेकला होता, ते मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

आजोबांचे वडील दुसऱ्या महायुद्धात मालवाहू बोटीवर आगवाले (भट्टीत कोळसा घालणारे) होते, परतले नाहीत. नोंद कुठं मिळेल? (एक वाचक, रत्नागिरी)

मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये या युद्धातल्या भारतीय खलाशांचं स्मारक आहे. मालवाहू बोटींवरच्या सुमारे सहा हजार जणांची नावं तिथल्या नोंदवह्यांत आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावरही शोधता येतात. आडनावावर विसंबू नका, खलाशांची बहुतेक नावं आडनावाशिवाय, कारकुनाला ऐकू आली तशी लिहिलेली असतात. इंग्रजी स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी घालून बघा. बोटीचं नाव किंवा निदान वर्ष माहीत असेल तर यादी पटकन आटोक्यात येते, आणि वडिलांचं नाव व गाव जुळलं तरच नोंद आपल्या माणसाची समजा.