कमी खर्चातला राजकीय विनोदी सिनेमा हसवत का नाही?

तुम्ही विचारलंय की विषय आजचा, नट कसलेले, तरी थिएटरात कुणी हसलं नाही. पैसे कमी पडले म्हणून असं झालं का? मला तसं वाटत नाही. मी गोव्यात फोंड्याकडे जत्रेच्या नाटकांत बरीच वर्षं काम करतोय. मागे एक रंगवलेला पडदा, पुढे चार खुर्च्या, एवढ्यावर लोक पोट धरून हसतात. ‘जाने भी दो यारो’सुद्धा १९८३ साली एनएफडीसीच्या, म्हणजे सरकारी चित्रपट विकास महामंडळाच्या, तुटपुंज्या पैशांतच झाला होता.

अशा सिनेमांचं पहिल्यांदा बिघडतं ते पुढाऱ्याच्या पात्रात. लेखक त्याला आधीच मूर्ख ठरवून टाकतो. मग मिशा, गॉगल, वाकडंतिकडं बोलणं, आणि प्रत्येक वाक्यामागे ‘टुंई’ असा आवाज. असला माणूस निवडून आला कसा, हेच प्रेक्षकाला पटत नाही. मग त्याच्या फजितीचं हसू कुठून येणार? आमच्याकडे एका मतदारसंघात तीस हजारांच्या आसपास मतदार. आमदार बारशाला येतो, बाराव्याला येतो, फुटबॉलच्या फायनलला बक्षिसं वाटतो. घरी कोंकणी बोलतो, देवळाच्या मंडपात मराठीत भाषण करतो. कुणाच्या मुलाला कुठे नोकरी हवीय, ते त्याला पाठ असतं. हा फार हुशार माणूस आहे. सिनेमात मात्र त्याच्या जागी घाटावरच्या तमाशापटातला पाटील आणून बसवतात.

दुसरं म्हणजे नियम कुणी वाचत नाही, आणि खरी गंमत तिथेच असते. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याप्रमाणे, दुसऱ्या पक्षातल्या विलीनीकरणाला पक्षाच्या दोन तृतीयांश आमदारांची संमती असेल तर अपात्रता लागत नाही. आता गोव्याचे आकडे बघा. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८. दोन्ही वेळा लागतात तेवढेच. एक जरी कमी असता तरी गणित फसलं असतं. आणि त्याच २०२२ च्या जानेवारीत, निवडणुकीच्या तोंडावर, काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसापाशी (क्रूसापाशी) आणि बेतीच्या दर्ग्यात पक्ष न सोडण्याची शपथ घेतली होती.

यातून एक काल्पनिक गोष्ट रचा. सात जण तयार, आठवा फोन उचलत नाही. कालपर्यंत त्याला कुणी चहासुद्धा विचारत नव्हतं, आज त्याच्यावाचून सातही जणांचं पद जाणार. आणि त्याला शपथेची खरोखर भीती वाटतेय, तो रात्रभर जागा आहे. मग त्याच्यासाठी देवाला कौल लावायचा, म्हणजे देवाची परवानगी विचारायची, आणि उजवा, म्हणजे होकाराचा, कौल मिळेपर्यंत सातही जणांनी गाभाऱ्यासमोर हात जोडून उभं राहायचं. प्रत्येकाचं काहीतरी पणाला लागलंय, कुणीही विनोद करत नाहीये, म्हणून हसू येईल. याला एक खोली आणि एक देऊळ पुरतं. आपले निर्माते मात्र तीस माणसांत जाहीर सभा चित्रित करायला जातात आणि प्रेक्षक डोकी मोजत बसतो.

भीतीचाही भाग आहेच. तियात्रात, म्हणजे गोव्याच्या कोंकणी नाटकात, कांतार (गाणी) गाणारे पुढाऱ्याचं नाव घेऊन गातात आणि लोक वन्स मोअर देतात. सिनेमात पक्ष नाव नसलेला, राज्य कुठलं ते कळत नाही, दोन्ही बाजूंना सारखेच चिमटे. त्यातला एकही लागत नाही.

पैशाची टंचाई जाणवते ती वेगळ्याच ठिकाणी. शूटिंगचे दिवस थोडे, म्हणून अख्खा प्रसंग एकाच लांबच्या शॉटमध्ये उरकतात. विनोदी वाक्य ऐकणाऱ्याचा चेहरा जवळून दिसायला हवा, तो दिसतच नाही. पुढे डबिंगमध्ये वाक्यामागचा विराम जातो. रंगमंचावर लोक हसले की आम्ही थांबतो. कॅमेऱ्यासमोर ती सोय नाही, म्हणून विराम आधीच ठरवून यावं लागतं. त्यासाठी शूटिंगच्या आधी महिनाभर तालीम करावी, कच्चं संकलन अनोळखी पंधरा-वीस माणसांना दाखवावं आणि ती जिथे गप्प बसतात तिथे कात्री लावावी. या दोन्ही गोष्टींना फारसा खर्च येत नाही.