पहिल्या अटकेनंतर कलमे वाचताना

चि. मित्रास,

मारामारीच्या प्रकरणात अटक होऊन तू जामिनावर घरी आल्याचे कळले. आता जो तो तुला कायदा शिकवत असेल, म्हणून हे पत्र एफआयआरची प्रत समोर ठेवून वाच.

त्या प्रतीत भारतीय न्याय संहितेची 115(2) (दुखापत करणे), 118(1) (घातक हत्याराने दुखापत), 352 (शांतताभंग व्हावा म्हणून अपमान करणे) आणि 3(5) अशी कलमे लावलेली आहेत. चार कलमे म्हणजे चार गुन्हे असे समजून तू धास्तावला आहेस. पण 3(5) हा स्वतंत्र गुन्हाच नव्हे. समान उद्देशाने अनेकांनी मिळून केलेल्या कृत्याला त्यातील प्रत्येक जण जबाबदार असतो, एवढेच ते कलम सांगते, आणि तुझा बचाव बहुधा त्याच्याभोवतीच उभा राहील, कारण खुद्द फिर्यादीच्या म्हणण्यानुसार रॉड दुसऱ्याच्या हातात होता. नुसते तेथे हजर असणे आणि मारण्याच्या उद्देशात सामील असणे यांत कायदा फरक करतो. मात्र वाट अडवणे किंवा ‘धर त्याला’ असे ओरडणे यावरूनही न्यायालय उद्देश ताडू शकते.

तुला न्यायालयातून जामीन घ्यावा लागला तो 118(1) मुळे. घातक हत्याराने दुखापत करण्याच्या या गुन्ह्याला शिक्षा तीन वर्षांपर्यंत, पण तो अजामीनपात्र, म्हणजे जामीन हक्काने मिळत नाही, न्यायालयाने दिला तर मिळतो. उलट 117(2) खालील गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत शिक्षा असूनही तो जामीनपात्र! तेव्हा शिक्षेच्या आकड्यावरून जामिनाचा अंदाज बांधू नये.

अटकेच्या वेळचे सर्व कागद वकिलांना दाखव. अटकेची कारणे अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत लेखी द्यावीत, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये सर्व गुन्ह्यांसाठी स्पष्ट केले आहे. त्यात कसूर झाली असेल तर अटक बेकायदा ठरू शकते, खटला मात्र तेवढ्याने संपत नाही. कोठडीत पोलिसांसमोर दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही. पण रॉड कोठे टाकला हे तू सांगितले असशील आणि तो तेथेच सापडला असेल, तर तेवढा भाग चालतो. म्हणून काय बोललास ते वकिलांना जसेच्या तसे सांग, आणि त्यांच्याखेरीज कोणालाही, मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच, सांगू नकोस. फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्यांचा हेल्पलाइन क्रमांक 15100 आहे.

दोषारोपपत्राची प्रत तुला विनामूल्य मिळेल. ती मिळाली की आधी घटनेची वेळ आणि फिर्याद नोंदवल्याची वेळ पाहा. मधल्या तासांचा खुलासा फिर्यादीत आहे का, हे उलटतपासणीत हमखास विचारले जाते. मग वैद्यकीय प्रमाणपत्रातील जखमा आणि साक्षीदारांचे जबाब एकमेकांशी ताडून पाहा, आणि फिर्यादीत नसलेले तुझे एखादे कृत्य नंतरच्या जबाबात अवतरले आहे का, ते पेन्सिलीने टिपून ठेव. समोरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीचे चित्रण मात्र तोवर थांबणार नाही, कारण जुन्यावर नवे चढत जाते. ते जतन करण्याविषयीचा अर्ज वकिलांना याच आठवड्यात द्यायला सांग.

फिर्यादीला भेटून ‘मिटवून टाकतो’ म्हणण्याचा मोह होईल. साक्षीदारांशी संपर्क न करण्याची अट तुझ्या जामीन आदेशात असेल, तर अशा एका भेटीने जामीन रद्द होऊ शकतो. तडजोडीचे बोलणे वकिलांमार्फतच व्हावे. ‘कबूल कर, दंड भर, मोकळा हो’ हा सल्ला तर अधिकच घातक, कारण गुन्हा कबूल करणे म्हणजे दोषसिद्धी, आणि नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ती आयुष्यभर आडवी येऊ शकते. प्रलंबित खटल्याविषयी अर्जात विचारले असेल तर तेही लपवू नकोस.

पुढच्या तारखेला वेळेआधी हजर राहा. आजारी असलास तर वकिलांकरवी गैरहजेरीचा अर्ज त्याच दिवशी गेला पाहिजे, नाही तर वॉरंट निघू शकते. जातमुचलक्याची (हजर राहण्याच्या तुझ्या लेखी हमीची) आणि जामीन आदेशाची प्रत येताना माझ्याकडे घेऊन ये.

तुझा,
वकीलकाका