सुट्टीच्या गर्दीत चीनमधला डोंगर : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : शांघायमध्ये नोकरीला आहे. हुआंगशानला जायचंय, पण मोठी रजा ऑक्टोबरमध्येच मिळते. त्यातल्या त्यात कमी गर्दीचा दिवस कोणता?

राष्ट्रीय दिनाची सुट्टी 1 ऑक्टोबरला सुरू होते आणि साधारण 7 तारखेपर्यंत चालते. मध्य-शरद सण त्याच सुमारास आला तर एखादा दिवस वाढतो. 2025 मध्ये ती आठ दिवसांची होती. पहिला दिवस पुष्कळांचा प्रवासात जातो. त्यामुळे डोंगरावरची खरी कोंडी 2 ते 4 तारखेला होते आणि शेवटच्या दोन दिवसांत लोक घराकडे वळतात. जायचंच तर ते दोन दिवस धरा.

याहून चांगली एक वाट आहे. सलग सुट्टी देण्यासाठी चीनमध्ये आसपासचे काही शनिवार-रविवार कामाचे केले जातात. हे वेळापत्रक राज्य परिषद, म्हणजे चीनचं मंत्रिमंडळ, आधीच जाहीर करते. अशा एखाद्या रविवारी तुमच्या कंपनीला सुट्टी असेल तर तो सोडू नका, कारण त्या दिवशी बाकी सगळे कामावर असतात.

गाडी भाड्याने घेऊन जाऊ नका. या सुट्टीत सात किंवा कमी आसनांच्या गाड्यांना द्रुतगती महामार्गांवर टोल माफ असतो, आणि पायथ्याशी रांगा लागतात त्या त्यामुळेच. रेल्वेने हुआंगशान उत्तर स्थानक, तिथून बसने तांगकौ गाव, तिथून डोंगराची बस. रेल्वेची तिकिटं 12306 या रेल्वेच्या अधिकृत संकेतस्थळावर 15 दिवस आधी खुली होतात. त्यावर पासपोर्टची पडताळणी लागते आणि तिला वेळ जातो, म्हणून ती महिनाभर आधीच उरकून ठेवा. डोंगराचं तिकीटही पासपोर्ट क्रमांकावरच काढायचं असतं. दिवसाचा कोटा संपला की फाटकावर कितीही विनंती केली तरी उपयोग होत नाही.

आणखी एक : लोटस शिखर आणि त्यांदू शिखर झाडं-माती सावरण्यासाठी काही वर्षं आलटून-पालटून बंद ठेवतात. सध्या कोणतं उघडं आहे ते पाहूनच मार्ग आखा.

प्रश्न : चढताना रोपवे आणि उतरताना पायी, की उलट?

हुआंगशानवर सुट्टीत चढताना पायी. युन्गूच्या बाजूच्या पायऱ्या अडीच-तीन तासांत होतात, आणि सकाळी आठनंतर रोपवेची रांगही तेवढाच वेळ खाते. उतरताना मात्र दगडी पायऱ्या गुडघ्यांना त्रास देतात. गडांवर मुरमाच्या वाटेने उतरायची सवय असलेल्यांनाही तो होतो, कारण इथे प्रत्येक पाऊल सारख्याच उंचीवरून कठीण दगडावर पडतं.

मात्र रोपवेने उतरायचं तर दुपारी दोनच्या आत वरच्या स्थानकावर पोहोचा. हिशोब साधा आहे. रोपवे ताशी 1,500 माणसं उतरवत असेल आणि पुढे 4,500 जण असतील, तर तुमचा नंबर तीन तासांनी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सहाच्या आतबाहेर सूर्य मावळतो. त्यात वारा वाढला किंवा विजा चमकू लागल्या की रोपवे थांबतो आणि रांग तशीच उभी राहते. 2012 च्या 2 ऑक्टोबरला शान्सी प्रांतातल्या हुआशान या वेगळ्या डोंगरावर हजारो लोक असेच अंधारात अडकले होते. 2013 पासून लागू झालेल्या पर्यटन कायद्याने प्रत्येक स्थळाला कमाल क्षमता जाहीर करणं आणि गर्दी रोखणं बंधनकारक केलं आहे. तरीही एकाच वेळी सगळे खाली निघाले तर रोपवेच्या दाराशी कोंडी होतेच. म्हणून डोंगर चढायच्या आधी उतरायची वेळ ठरवा आणि शिखर राहिलं तरी ती मोडू नका.

प्रश्न : जीनानला शिकते. मैत्रिणी रात्रभर थायशान चढून सूर्योदय पाहणार आहेत. मी जावं का? सोबत काय घ्यावं?

जा, पण थंडी आणि वेळ या दोन गोष्टी नीट सांभाळा. पायथ्याच्या लाल दरवाज्यापासून शिखरापर्यंत सहा हजारांहून जास्त पायऱ्या आहेत. एरवी चार ते सहा तास लागतात, सुट्टीत सात धरा. सूर्योदय सहाच्या सुमारास होतो, म्हणजे रात्री दहाला निघा. मध्य-स्वर्गद्वारापाशी अर्धं अंतर होतं, अर्धी मेहनत होत नाही. शेवटचे ‘अठरा वळसे’ म्हणजे किलोमीटरपेक्षा कमी अंतरात सुमारे 400 मीटरचा उभा चढ आणि सोळाशेहून जास्त पायऱ्या. तिथे रांग दोन पायऱ्या सरकते आणि थांबते. घामेजलेलं अंग त्या थांबण्यात गार पडतं.

दर 100 मीटरला साधारण 0.6 अंश तापमान उतरतं. पायथा ते शिखर सुमारे 1,300 मीटर, म्हणजे आठ अंशांचा फरक, वर वारा वेगळा. पिशवीत एक कोरडा बनियन ठेवा आणि या वळशांच्या माथ्यावरच्या दक्षिण-स्वर्गद्वाराशी पोहोचताच ओला बदला. वर लष्करी धाटणीचे जाड कोट भाड्याने मिळतात, पण सुट्टीत ते लवकर संपतात. दीड लिटर पाणी, खारे दाणे, कपाळावर लावायची बॅटरी आणि भरलेली पॉवर बँक पुरे. छत्री नको, रेनकोट घ्या. काठ्या चढाच्या गर्दीत मिटून ठेवा. मागच्याच्या डोळ्याशी टोक येतं.

वाटेत खांद्यावर कावड घेतलेले हमाल दिसतील. त्यांची लय तुटली की ओझं डोलतं, म्हणून हाक ऐकताच डोंगराच्या बाजूला सरका आणि त्यांना जाऊ द्या.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलाला न्यावं का? पायऱ्यांवर रेटारेटी झाली तर काय करायचं?

2 ते 4 तारखेला नेऊ नका, आणि हुआशानला तर सुट्टीत मुळीच नको. इतर दिवशी नेलंत तर मुलाच्या खिशात हॉटेलचं नाव आणि तुमचा फोन चिनी लिपीत लिहिलेला कागद ठेवा. पोलिसांसाठी 110, रुग्णवाहिकेसाठी 120.

धोका बहुधा पायऱ्यांवर आणि अरुंद वळणांवर असतो, जिथे मागच्यांना पुढचे थांबलेत हे दिसत नाही. शांघायच्या नदीकाठी 2014 च्या 31 डिसेंबरला चेंगराचेंगरीत 36 जणांचा जीव गेला, तो पायऱ्यांवरच. चारही बाजूंनी अंगं टेकू लागली, हात हलवायला जागा उरली नाही, की तिथून बाहेर पडायची वेळ आधीच झालेली आहे असं समजा. लाटेविरुद्ध रेटू नका. लाट ओसरते त्या क्षणी तिरके कडेला सरका. दोन्ही हात छातीसमोर घ्या, श्वासाला जागा राहते. मुलाला खांद्यावर न घेता तुमच्यासमोर, तुमच्या हातांच्या चौकटीत धरा. पडलेला फोन, टोपी, बूट काहीही उचलायला वाकू नका. पडलातच तर कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या, हातांनी डोकं झाका आणि संधी मिळताच उठा.